हलक्या गाड्यांचा वेडा आणि अडीच टनांची एसयूव्ही: लोटसच्या कॉलिन चॅपमनची गोष्ट

फोन 200 ग्रॅमच्या पुढे गेला की हाताला जड लागतो. तरी बॅटरी मोठी हवी म्हणून आपण तोच घेतो. मित्रांनो, गाड्यांच्या जगात हीच अडचण सगळ्यात जास्त कुणाची झाली असेल, तर ती लोटस या ब्रिटिश कंपनीची. 2022 मध्ये लोटसने इलेट्रे नावाची इलेक्ट्रिक एसयूव्ही आणली. तिचं सगळ्यात हलकं मॉडेलसुद्धा 2,490 किलोचं आहे. आणि लोटसच्या बिल्ल्यावर आजही ज्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत, त्या अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमनने आयुष्यभर गाडीतून एक एक किलो काढण्याचंच काम केलं.

चॅपमनचा जन्म 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील पब चालवायचे. पोराने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये शिक्षण घेतलं ते इमारती-पुलांच्या इंजिनिअरिंगचं, गाड्यांचं नाही. कॉलेजात असतानाच तो विमान उडवायला शिकला. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातूनच आलंय. पूल बांधणारा माणूस कुठल्या दांड्यावर किती भार येतो ते मोजतो आणि विमानात तर फालतू वजनाला जागाच नसते. 1948 मध्ये मैत्रीण हेझलच्या घरच्या गॅरेजमध्ये त्याने एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून स्वतःची रेसिंग गाडी बनवली. 1952 मध्ये कंपनी काढली तेव्हा भांडवल होतं 25 पौंड, तेही हेझलकडून उसने घेतलेले. पुढे ती त्याची बायको झाली.

त्याचा हिशोब साधा होता. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते. वजन कमी केलं तर ती सरळ रस्त्यावरही पळते, वळणावरही पळते आणि ब्रेक मारल्यावर लवकर थांबते. शिवाय हलक्या गाडीला इंजिन छोटं पुरतं, मग टाकी छोटी, टायर छोटे, ब्रेक छोटे. एकदा वजन उतरायला लागलं की उतरतच जातं.

पण हलकं करणं म्हणजे नुसता पत्रा पातळ करणं नव्हे. चॅपमनची खरी कमाल एका भागाकडून दोन-तीन कामं करून घेण्यात होती. 1962 ची लोटस 25 ही फॉर्म्युला वनची गाडी बघा. तोपर्यंत रेसिंग गाडी म्हणजे आत नळ्यांचा सांगाडा आणि वरून पत्रा. चॅपमनने सांगाडाच काढून टाकला आणि बाहेरच्या कवचालाच भार उचलायला लावला. याला मोनोकॉक म्हणतात. तुमच्या युनिबॉडी फोनचंही साधारण तसंच, वेगळी फ्रेम नाही, बॉडीच फ्रेम. 1967 च्या लोटस 49 मध्ये तर इंजिनलाच गाडीचा मागचा सांगाडा बनवलं, मागचं सस्पेन्शन थेट त्यालाच जोडलं. आज फॉर्म्युला वनमध्ये सगळे तेच करतात.

रस्त्यावरची त्याची सगळ्यात गोड गाडी म्हणजे 1962 ची एलान. फायबरग्लासची बॉडी, मधून पोलादी कणा, वजन साधारण 680 किलो. हा आकडा पुन्हा लागणार आहे.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. चॅपमनच्या गाड्या मोडायच्या. 1969 मध्ये बार्सिलोनाला एकाच शर्यतीत त्याच्या दोन गाड्यांचे उंच विंग तुटले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. ग्रॅहम हिल सुखरूप राहिला, योखेन रिंटला इजा झाली. रिंटने चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या सुरक्षिततेबद्दल भीती बोलून दाखवली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1970 मध्ये, मोंझाच्या सरावात रिंटच्या गाडीचा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला आणि तो गेला. कडेचं रेलिंगही नीट बसवलेलं नव्हतं. इटलीत खटला चालला, त्यात चॅपमन निर्दोष सुटला. रिंटचे गुण नंतर कुणालाच ओलांडता आले नाहीत, म्हणून त्या वर्षीचा विश्वविजेता मेलेला माणूस ठरला. माझ्या मते चॅपमनवर लिहिताना सात कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदांच्या आधी हे लिहायला हवं.

आता एक गोष्ट जी लोटसचे चाहते सहसा सांगत नाहीत. महाग आणि जड गाड्यांकडे कंपनीला पहिल्यांदा वळवलं ते खुद्द चॅपमननेच! ब्रिटनमध्ये सुट्ट्या भागांत, म्हणजे किट म्हणून, गाडी घेतली तर विक्रीकर वाचायचा. लोटसचा बराच धंदा त्यावर चालायचा. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ही सूट गेली. त्याच वर्षी चॅपमनने आपल्या सगळ्यात साध्या आणि हलक्या लोटस सेव्हनचे हक्क कॅटरहॅमला विकले. 1974 मध्ये आणली एलिट, चार सीटची, एक टनाच्या वरची, श्रीमंतांसाठी. पोटापाण्याचा प्रश्न आला की काटा थोडा सरकतो, हे त्यालाही कळत होतं.

शेवट मात्र वाईट. डेलोरियन गाडीच्या कामात सरकारी पैशातले लाखो पौंड गायब झाले. त्याची चौकशी चॅपमनपर्यंत पोचायच्या आतच, 16 डिसेंबर 1982 रोजी, 54 व्या वर्षी हार्ट अटॅकने तो गेला. कंपनीचा आर्थिक कारभार बघणारा माणूस पुढे तुरुंगात गेला. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी त्याची टीम कॉम्प्युटरने चालणाऱ्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनची चाचणी घेत होती.

त्यानंतर लोटस जनरल मोटर्स, मग बुगाटीचा मालक, मग मलेशियाची प्रोटॉन अशी हातोहात फिरली. 2017 मध्ये चीनच्या गीलीने 51 टक्के हिस्सा घेतला. इलेट्रे बनते वुहानमध्ये. 2023 मध्ये ती भारतातही आली, किंमत 2.55 कोटींपासून.

ती इतकी जड का? बॅटरी 112 किलोवॅट-तासांची आहे. आजच्या गाड्यांच्या बॅटरी पॅकमध्ये एका किलोत साधारण 150 ते 180 वॅट-तास मावतात. भागाकार करा, सव्वासहाशे ते साडेसातशे किलो येतात. म्हणजे चॅपमनची अख्खी एलान इलेट्रेच्या फरशीखाली झोपली आहे! तेवढीच ऊर्जा बारा-तेरा लिटर पेट्रोलमध्ये असते, वजन जेमतेम नऊ-दहा किलो. इंजिन त्यातली बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटर फार थोडी, म्हणून इलेक्ट्रिक गाडी तेवढ्यात खूप लांब जाते. पण पेट्रोल संपेल तशी टाकी हलकी होते. बॅटरी 2 टक्क्यांवर आली तरी तेवढीच जड. मग तिला पेलायला मजबूत बॉडी, मोठे ब्रेक, रुंद टायर. चॅपमनचंच गणित, फक्त उलट्या दिशेने.

इलेट्रे आर 905 हॉर्सपॉवरच्या जोरावर तीन सेकंदांच्या आत 100 चा वेग गाठते. वळणावर एवढं वजन सांभाळायला एअर सस्पेन्शन आणि कॉम्प्युटर कामाला लागतात. ते काम ती छान करते म्हणा, पण काय सांभाळावं लागतंय ते विसरू नका.

चॅपमनने विकलेली ती सेव्हन कॅटरहॅम अजून बनवते. तिचं 170 मॉडेल 440 किलोचं आहे. इलेट्रे आर 2,640 किलोची, म्हणजे बरोबर सहा कॅटरहॅम. मात्र 2023 मध्ये कॅटरहॅमनेही आपली इलेक्ट्रिक गाडी दाखवली, प्रोजेक्ट व्ही. तिच्यासाठी तेव्हा ठरवलेलं वजन होतं 1,190 किलो.