भिंतींचा चित्रकार

इटलीतील पिसा हे नगर तेथील कललेल्या मनोऱ्यामुळे जगप्रसिद्ध आहे. याच नगरात एका जुन्या चर्चच्या मठाची मागील भिंत आहे. १९८९ च्या जून महिन्यात एक तरुण अमेरिकन चित्रकार या भिंतीसमोर येऊन उभा राहिला. भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस मीटर होते. परंतु त्याच्या हाती चित्राचा कच्चा आराखडादेखील नव्हता. पाहता पाहता भिंतीवर नाचणाऱ्या, धावणाऱ्या, एकमेकांना सावरणाऱ्या ३० आकृती उमटल्या. चित्राला नाव मिळाले ‘तुत्तोमोंदो’, म्हणजे ‘सारे जग’. सारे जग रंगविणाऱ्या या तरुणाला स्वतःला मात्र जगण्यासाठी फार थोडे दिवस उरले होते. त्याचे नाव कीथ हेरिंग.

कीथचा जन्म ४ मे १९५८ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात झाला. वडिलांना व्यंगचित्रे काढण्याचा छंद होता. रेषेचे पहिले धडे त्याने त्यांच्याकडूनच घेतले. विसाव्या वर्षी तो चित्रकला शिकण्यासाठी न्यूयॉर्कला आला. तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर जाहिरातींच्या रिकाम्या चौकटी काळ्या कागदाने झाकलेल्या असत. एके दिवशी असा कागद पाहताच त्याने पांढरा खडू विकत आणला व त्यावर चित्र काढले. पुढे सुमारे पाच वर्षे त्याचा हा क्रम चालू होता. रांगणारे तेजस्वी बालक, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे अशी त्याची चित्रे गाडीची वाट पाहणारे उतारू कौतुकाने न्याहाळू लागले. विनापरवाना चित्रे काढल्याबद्दल पोलिसांनी त्याला अनेकदा पकडले. पण त्याचा खडू थांबला नाही.

जाहिराती, चित्रकथा, दुकानांतील वस्तू अशा रोजच्या गोष्टींतून चित्रविषय शोधणाऱ्या कलेला ‘पॉप आर्ट’ म्हणतात. कीथ याच परंपरेतील होता. त्याच्या चित्रांना भरपूर पैसे मिळू लागले, तेव्हा त्याला एक काळजी वाटू लागली. आपली कला केवळ धनिकांच्या दिवाणखान्यातच अडकून पडेल काय? म्हणून १९८६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान उघडले. तेथे त्याची चित्रे असलेले सदरे व बिल्ले अल्प किमतीत मिळत. त्याने कलेचा बाजार मांडला, अशी टीका काहींनी केली. परंतु सामान्य माणसाच्या हाती कला पोहोचावी, हा आपला हेतू त्याने सोडला नाही.

मुलांवर त्याचा विशेष जीव होता. १९८७ मध्ये पॅरिसच्या नेकर बालरुग्णालयातील जिन्याचा उंच मनोरा त्याने रंगविला. आजारी मुलांना खिडकीतून काहीतरी आनंददायक दिसावे, एवढीच त्याची इच्छा होती.

१९८८ मध्ये कीथला एड्स झाल्याचे निदान झाले. हा रोग शरीराची प्रतिकारशक्ती हळूहळू नष्ट करतो. त्या काळी त्याला आवर घालणारी प्रभावी औषधे नव्हती. एड्सच्या रुग्णाजवळ बसण्यासही लोक भीत. वास्तविक हा रोग स्पर्शाने पसरत नाही. अशा वेळी कीथने आपला आजार लपविला नाही. त्याविषयी तो उघडपणे बोलला आणि लोकांना सावध करणारी चित्रे काढू लागला.

उरलेला वेळ त्याने जणू मोजून खर्च केला. १९८९ च्या मे महिन्यात शिकागो येथे सुमारे ५०० विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्याने एक प्रचंड लांबीचे चित्र तयार केले; काळ्या रेषा त्याने काढल्या, रंग मुलांनी भरले. पुढच्याच महिन्यात तो पिसाला गेला. त्याच वर्षी त्याने आपल्या नावाची एक संस्था स्थापन केली. मुलांसाठी कार्य करणाऱ्या व एड्सशी झुंजणाऱ्या संस्थांना तिने साहाय्य करावे, अशी व्यवस्था करून ठेवली.

१६ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, कीथचे निधन झाले. ४ मे या त्याच्या जन्मदिनी न्यूयॉर्कच्या एका भव्य चर्चमध्ये हजाराहून अधिक लोक त्याच्या स्मरणार्थ जमले होते.

खडूची ती चित्रे बहुतेक पुसली गेली. त्याचे न्यूयॉर्कमधील दुकानही २००५ मध्ये बंद झाले. परंतु त्याची संस्था आजही कार्य करीत आहे. पॅरिसच्या रुग्णालयातील जुनी इमारत पाडली गेली, तेव्हा त्याने रंगविलेला मनोरा मात्र काळजीपूर्वक राखण्यात आला आणि २०१७ मध्ये त्याची डागडुजीही झाली. पिसाच्या भिंतीवरील माणसे अजूनही नाचत आहेत. आयुष्य किती लाभावे, हे कीथच्या हाती नव्हते. लाभलेले आयुष्य कोणासाठी वेचावे, हे मात्र त्याने स्वतः ठरविले.