अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिनचा शोध आणि त्यांनी दिलेला इशारा

घसा दुखू लागला की घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्यायच्या आणि बरे वाटले की थांबायचे, असे करणारे रुग्ण दवाखान्यात नेहमी भेटतात. त्यांना मी फ्लेमिंग यांची गोष्ट सांगतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे लंडनमध्ये त्यांनी चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांकडून वारशाने थोडे पैसे मिळाल्यावर ते सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊ शकले.

पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात जखमा चिघळून सैनिक दगावताना त्यांनी पाहिले. जंतूंवर उपाय शोधण्याचा ध्यास तेथूनच वाढला. १९२१ मध्ये त्यांना नाकातील स्रावात लायसोझाइम हे जिवाणूंची भिंत फोडणारे एन्झाइम सापडले. सप्टेंबर १९२८ मध्ये बशीतील बुरशीभोवतीचे जिवाणू नष्ट झालेले दिसले आणि पेनिसिलिनचा शोध लागला. ते औषध म्हणून वापरता येईल असे केले ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने. १९४५ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले.

त्या वेळच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक जोडप्याचे उदाहरण दिले. नवरा घसादुखीसाठी स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. त्यातून तगलेले जंतू बायकोला लागतात आणि तिच्यावर पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. ती दगावते.

जंतू औषधाला दाद देईनासे होतात, याचे एक मोठे कारण त्यांची स्वतःची एन्झाइम्स. पेनिसिलिन तोडणारे असे एन्झाइम १९४० मध्येच आढळले होते. त्यातील 'टेम-१' हा प्रकार पेनिसिलिन सहज तोडतो, पण सेफोटॅक्झिम हे नवे औषध त्याला फारसे तोडता येत नाही. मात्र जनुकात म्युटेशन होऊन एन्झाइमचे एक-दोन घटक जरी बदलले, तरी त्याचा आकार बदलतो आणि हे औषधही त्यात बसून तुटू लागते. १९९४ मध्ये विलेम स्टेमर यांनी प्रयोगशाळेत असे बदल मुद्दाम घडवले. त्या जिवाणूंना रोखायला सेफोटॅक्झिम ३२,००० पट जास्त लागले.

म्युटेशन आपोआप होत असतात. पण अँटिबायोटिक विनाकारण किंवा अपुरे घेतले, की साधे जंतू मरतात आणि बदललेल्यांना रान मोकळे मिळते.

फ्लेमिंग यांचे ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा इशारा आजही लागू आहे. म्हणून अँटिबायोटिक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या स्वतः घेऊ नका, दुसऱ्यालाही देऊ नका. सर्दीसारख्या विषाणूंच्या आजारात त्यांचा उपयोग होत नाही.