व्लादिमीर कोमारोव्ह

१९२७ साली मॉस्कोत एका मजुराच्या घरी जन्मलेले व्लादिमीर कोमारोव्ह शिकून वैमानिक व इंजिनिअर झाले. १९६४ साली ते दोन सहकाऱ्यांसह अंतराळात जाऊन सुखरूप परतले. २३ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ-१ यानातून ते एकटेच निघाले. वीज पुरविणाऱ्या दोन सौरपंखांपैकी एक उघडलाच नाही. तरीही धीर न सोडता त्यांनी यान स्वतः पृथ्वीकडे वळविले. परंतु दुसऱ्या दिवशी उतरताना मुख्य पॅराशूट उघडले नाही. अंतराळ उड्डाणात प्राण गमावणारे ते पहिले मानव.

१९७१ साली प्रतिस्पर्धी अमेरिकेच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या स्मृतिफलकावर त्यांचेही नाव आहे. पालकहो, मजुराच्या मुलाला शिक्षण कोठवर नेते, ते पाहा!