हॅरिसनचा मारवा

सप्टेंबर १९६६. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक इंग्रज तरुण पत्नीसह येऊन उतरला. वय अवघे तेवीस. कुणी ओळखू नये म्हणून त्याने मिशा राखल्या होत्या आणि नावही भलतेच सांगितले होते. जगातल्या सर्वांत गाजलेल्या वाद्यवृंदाचा तो गिटारवादक होता आणि मुंबईत आला होता तो पंडित रविशंकर यांच्यापाशी सतार शिकायला. गुपित फार दिवस टिकले नाही. हॉटेलखाली पोरापोरींची झुंबड उडाली, पत्रकारांना सामोरे जाणे भाग पडले आणि अखेर गुरु-शिष्यांनी काश्मीरची वाट धरून दाल सरोवरातली हाऊसबोट गाठली.

हा जॉर्ज हॅरिसन. जन्म २५ फेब्रुवारी १९४३, लिव्हरपूलच्या कामगार वस्तीतला. वडील बसवर नोकरीला, घर एवढेसे, संडास मागल्या अंगणात. चार भावंडांतले हे शेंडेफळ. आईने साडेतीन पौंडांना एक जुनी गिटार घेऊन दिली आणि पोरगा बोटे सोलून निघेपर्यंत तिच्यावर झटत राहिला. पंधराव्या वर्षी तो जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या टोळक्यात शिरला. पुढे त्याचेच बीटल्स झाले. ती कहाणी सर्वांना ठाऊक आहे. तीत जॉर्जची जागा धाकट्या दिराची होती, एवढे सांगितले तरी पुरे. गाणी रचण्याचा मान लेनन-मॅकार्टनीचा. याच्या वाट्याला एका तबकडीत एखाद-दुसरे गाणे यायचे. बाकीची वहीत साठत राहिली.

सतार त्याला भेटली ती १९६५ मध्ये, एका सिनेमाच्या चित्रीकरणात. त्यानंतर त्याने लंडनच्या दुकानातून एक साधीशी सतार विकत आणली आणि जमेल तशी बीटल्सच्या एका गाण्यात वाजवूनही टाकली. पण रविशंकर भेटल्यावर खरा अभ्यास म्हणजे काय ते कळले. पहिल्याच धड्याच्या वेळी टेलिफोन वाजला आणि जॉर्ज सतार ओलांडून निघाला, तशी गुरूंनी त्याच्या पायावर चापट मारली. आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असणारी गोष्ट लाखोंच्या गळ्यातल्या या ताइताला अशी शिकावी लागली. आणि तो ती पुढे स्वतःच हसत सांगत असे.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. 'वंडरवॉल' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्याला करायचे होते. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा यांचे संतूर, शंभू दास यांची सतार, विनायक व्होरा यांची तारशहनाई असे वादक त्याने जमवले. स्टुडिओत रस्त्यावरच्या रहदारीचा गोंगाट झिरपायचा. तरी काम झाले, आणि त्याच वर्षी निघालेली ती ध्वनिमुद्रिका कुठल्याही बीटलची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ठरली.

एवढे होऊनही त्याच सुमारास त्याने सतार खाली ठेवली. रविशंकरांचे इतर शिष्य किती वर्षे, किती तास घासतात हे त्याने पाहिले होते. आपण त्या पंगतीत कधीच बसणार नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केले. कीर्तीच्या शिखरावरच्या माणसाला हे सुचणे सोपे नव्हे. तो गिटारकडे परतला, पण कानात शिरलेली मींड काही निघाली नाही. १९६९ च्या अखेरीस एका दौऱ्यात त्याने बोटात नळी चढवून ती तारांवर घसरवत वाजवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या ब्लूज गाणाऱ्या कृष्णवर्णीयांची ही रीत. एका सुरावरून दुसऱ्यावर मधली जागा न सोडता जाता येते, आणि सतारीवर जे हाताला लागले नव्हते ते त्याला इथे सापडले. त्यानंतर त्याची गिटार दोन सुरांत ओळखू येऊ लागली.

१९७० मध्ये वहीतली गाणी तीन तबकड्यांच्या संचातून बाहेर पडली आणि धाकट्या दिराने घर दणाणून सोडले. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला रविशंकरांच्या विनंतीवरून न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी मोठी मैफल झाली. मग चढउतार आले. चाल उचलल्याचा खटला तो हरला. १९७४ च्या दौऱ्यात आवाज बसला आणि समीक्षकांनी झोडपले. तो अधिकाधिक काळ बागेत घालवू लागला.

अधूनमधून नवी गाणी मात्र होत होती. काही अर्धी, काही नुसता आराखडा. १९९७ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. १९९९ च्या डिसेंबरात एका माथेफिरूने मध्यरात्री घरात घुसून त्याला भोसकले. पत्नी ऑलिव्हियाने दिवा आणि सळई हाणून त्याला वाचवले. त्यातून उठून तो पुन्हा या गाण्यांकडे वळला. वेळ थोडा उरला आहे हे उमगल्यावर मुलाला प्रत्येक गाण्याबद्दल सूचना देऊन ठेवल्या. फार घासूनपुसून चकचकीत करू नका, हा त्यातला मुख्य आग्रह. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. वय अठ्ठावन्न.

मुलाचे नाव धनी, म्हणजे आपल्या सप्तकातले धैवत आणि निषाद. तेवीस-चोवीस वर्षांच्या या पोराने वडिलांचे मित्र जेफ लिन यांना बरोबर घेऊन काम पुरे केले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये 'ब्रेनवॉश्ड' बाजारात आला. लिन यांना गुळगुळीतपणाचा सोस. इथे त्यांनी बहुतेक ठिकाणी हात आवरला आहे. या अल्बममध्ये ब्लूज आहे, हवाईची उकुलेले आहे, आजोबांच्या काळातले एक जुने गाणे आहे, आणि 'मारवा ब्लूज' नावाची शब्दांवाचूनची एक रचना आहे. अमीर खाँसाहेबांचा किंवा वसंतराव देशपांड्यांचा मारवा ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांनी हिच्यात शास्त्रशुद्ध मारवा शोधू नये. पण दिवेलागणीची ती हुरहुर आहे, सूर लागता लागता निसटण्याची ती ओढ आहे. सगळी नळीवर, सगळी मिंडेत. २००४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले.

अखेरचे गाणे जगावर चिडलेले आहे. ते ओसरते आणि मागून आपल्या घरात आरतीनंतर होतो तो पार्वतीपती महादेवाचा जयजयकार ऐकू येतो, संथ लयीत, पुनःपुन्हा. आवाज दोन आहेत, बापाचा आणि लेकाचा.