अनवाणी धावणारे अबेबे बिकिला : अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट



क्रीडा सप्ताह आला की परिपाठात आपण अबेबे बिकिला यांची गोष्ट हमखास सांगतो. पायात बूट नव्हते तरी जिंकले, मग तुम्ही का रडता, असं मुलांना म्हणतो. मीही म्हणायचो. पण त्यांचं पूर्ण चरित्र वाचलं आणि आपण अर्धीच गोष्ट सांगतो हे लक्षात आलं.

अबेबे बिकिला यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातल्या एका खेड्यात, मेंढपाळाच्या घरी झाला. मोठेपणी ते सम्राटाच्या रक्षक दलात शिपाई झाले. तिथे ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकांनी त्यांच्यातला धावपटू हेरला.

१९६० चं रोम ऑलिम्पिक. तिथे मिळालेले बूट त्यांच्या पायाला नीट बसेनात. ४२ किलोमीटर चावणारे बूट घालून धावलं तर फोड येणार, हे उघड होतं. अनवाणी धावण्याचा सराव मात्र भरपूर होता. म्हणून त्यांनी बूट बाजूला ठेवले. म्हणजे तो नुसता हट्ट नव्हता, आपल्या पायाचं ऐकून घेतलेला निर्णय होता. १० सप्टेंबरच्या रात्री मशालींच्या उजेडात २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत त्यांनी शर्यत जिंकली. ज्या इटलीने १९३५ साली त्यांच्या देशावर हल्ला केला होता, तिच्याच राजधानीत!

१९६४ मध्ये टोकियोला ते बूट-मोजे घालून धावले. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. तरी २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा सुवर्ण! ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारे ते पहिलेच.

आता राहिलेली अर्धी गोष्ट. १९६८, मेक्सिको सिटी. बिकिला यांच्या डाव्या पायाच्या बारीक हाडाला चीर गेली होती. आपल्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो ना, ते याच हाडाचं खालचं टोक. सतत धावण्याचा ताण पडत राहिला आणि हाडाला भरून यायला वेळच मिळाला नाही, तर पडल्या-झडल्याशिवायही अशी चीर पडू शकते. बिकिला शर्यतीत उतरले, पण साधारण १७ किलोमीटरनंतर थांबले. ती शर्यत त्यांचेच सहकारी मामो वोल्डे यांनी जिंकली.

पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले. इंग्लंडमध्ये उपचार घेताना चाकाच्या खुर्चीत बसून ते तिरंदाजी शिकले आणि स्पर्धेतही उतरले. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मेक्सिकोत थांबले म्हणून बिकिला लहान झाले का? अजिबात नाही. मग आपल्या वर्गातलं लेकरू पाय दुखतो म्हणून थांबलं, तर आपण त्याला "नाटकं करतो" का म्हणतो? गेल्या वर्षी लंगडणाऱ्या एका मुलीला मीच "थोडं दुखणारच, धाव" म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी तिचा घोटा टम्म सुजलेला. ती सूज अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मुलांची हाडं वाढीची असतात, त्यांच्या टोकांजवळचा भाग नाजूक असतो. म्हणून "मुरगळलंय, होईल बरं" म्हणून सोडून देऊ नका. हाडावर एकाच जागी दाबलं की दुखतंय, धावलं की वाढतंय किंवा पाय टेकवत नाहीये, तर खेळ थांबवा, पाय चोळू नका आणि डॉक्टरांना दाखवा. पालकहो, "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून मोठे बूट घेऊ नका. पाय आत सरकतो, फोड येतात, घोटा मुरगळतो.

यंदा गोष्ट सांगताना रोम जरूर सांगू या. पण मेक्सिकोही सांगू या.