रुडॉल्फ डीझेल

हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत पहाटे एखादी जुनी मालमोटार सुरू होता होत नाही. स्टार्टर घरघरतो, नळीतून पांढरा धूर निघतो. पण एंजिन काही पेट घेत नाही. अशी अडचण प्रथम ज्यांच्या वाट्यास आली आणि ज्यांनी धीराने तिच्यावर मात केली, ते या एंजिनाचे जनक म्हणजे रुडॉल्फ डीझेल होत.

त्यांचा जन्म पॅरिस येथे १८ मार्च १८५८ रोजी एका जर्मन कुटुंबात झाला. वडील चामड्याच्या वस्तू करीत. १८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले आणि या कुटुंबास पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडण्यात आले. तेथून पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत ते प्रोफेसर लिंडे यांचे शिष्य झाले. वाफेच्या एंजिनात जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, हे तेथे ऐकताच ही उधळपट्टी थांबविण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. सिलिंडरमध्ये ती अतिशय जोराने दाबावी आणि त्या तप्त हवेत तेल सोडावे, म्हणजे ठिणगीवाचून ते आपोआप पेटेल, ही डीझेल यांची कल्पना होती.

कल्पना सोपी, पण कृती बिकट! १८९३ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. तेल पेटले खरे, परंतु स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण फुटले. दाबही अपेक्षेइतका चढेना. डीझेल यांनी हार मानली नाही. एकेक दोष हुडकून त्यांनी यंत्र सुधारले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले! पुढे तीन वर्षांच्या खटपटीनंतर, १८९७ साली, उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कामी आणणारे एंजिन सिद्ध झाले.

कीर्ती मिळाली, पण स्वास्थ्य मिळाले नाही. ते कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बेल्जममधून इंग्लंडला बोटीने निघाले आणि त्याच रात्री नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे गूढ मात्र उकलले नाही. डीझेल एंजिनावर चालणाऱ्या मालमोटारी सर्रास धावताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

आता त्या मालमोटारीकडे वळू. एंजिन गारठले की दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि तेल पेटत नाही. म्हणून पुष्कळ एंजिनांत ग्लो प्लग ही विजेने लालबुंद तापणारी कांडी बसवितात. पांढरा धूर निघत असेल, तर तेल पोहोचते पण पेटत नाही, असे समजावे. मग ग्लो प्लग, बॅटरी आणि झिजलेल्या दट्ट्यामुळे कमी झालेला दाब यांची तपासणी करावी. धूरच नसेल, तर तेल पोहोचत नाही. नळीत हवा शिरली आहे काय ते पाहावे. जाणता कारागीर उगाच स्टार्टर फिरवून बॅटरी संपवीत नाही. तो थांबतो, कारण शोधतो आणि मगच हात घालतो. डीझेल यांनीही नेमके हेच केले होते.