घटनेच्या गाभ्याविषयी पहिला प्रश्न विचारणारे वऱ्हाडचे न्यायमूर्ती

वलगाव (जि. अमरावती) : अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेने निघाले की वलगाव लागते. येथील पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्यामुळे या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच परिसराने सर्वोच्च न्यायालयाला जनार्दन मुधोळकर हे न्यायमूर्ती दिले, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीविषयी आज सतत चर्चा होते. त्या चर्चेचे बीज त्यांच्या एका निकालपत्रात आहे.

मुधोळकरांचा जन्म १९०२ सालचा. वडील रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचे नामांकित वकील आणि नेमस्त पक्षाचे पुढारी. १९१२ साली बांकीपूर येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. सनदशीर मार्गावरील निष्ठेचा वारसा मुलाला घरातूनच लाभला. बॅरिस्टर झाल्यानंतर जनार्दनरावांनी वकिली केली, पुढे ते न्यायखात्यात गेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९६० मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली.

त्यांच्या कारकिर्दीतील कसोटीचा क्षण १९६४ साली आला. संसदेने १७वी घटनादुरुस्ती करून ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घातले होते. त्यांत बहुतांश जमीन सुधारणेचे कायदे होते. मूलभूत हक्कांच्या आधारे त्यांना आव्हान देण्याची वाट त्यामुळे बंद झाली. सज्जनसिंग विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात ही दुरुस्ती पाच न्यायमूर्तींपुढे आली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर व अन्य दोघांनी १९५१ च्या शंकरीप्रसाद निकालाप्रमाणे संसदेचा अधिकार पूर्ण मानला. हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी दुरुस्ती उचलून धरली, पण त्या जुन्या निकालाविषयी शंका नोंदवली. हे दोघेही पूर्वीच्या नागपूर उच्च न्यायालयातून आलेले, हा योगायोग लक्षणीय आहे.

मुधोळकर एक पाऊल पुढे गेले. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांतच बदल केला तर ती दुरुस्ती ठरेल, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे ठरेल, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिलेल्या निर्णयाचा आधार त्यांनी घेतला. उद्देशिकेकडेही लक्ष वेधले. या मुद्द्यावर युक्तिवाद झालेला नसल्याने त्यांनी स्वतः उत्तर दिले नाही. न्यायाधीशाने समोर नसलेल्या वादाचा निवाडा करू नये, ही शिस्त त्यांनी पाळली.

उत्तर यायला आठ वर्षांहून अधिक काळ लागला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने संसदेच्या अधिकाराला मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. आणीबाणीच्या काळात केलेल्या घटनादुरुस्त्यांचे काही भाग पुढे याच तत्त्वावर रद्द झाले.

सामान्य माणसाच्या आयुष्याला भिडणारा त्यांचा आणखी एक निकाल १९६४ चाच, एस. वरदराजन खटल्यातील. सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरील मुलगी समजून-उमजून स्वतःहून घर सोडते, तेव्हा तिला पळवून नेणे आणि तिला सोबत येऊ देणे यांत फरक केला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. अपहरणाच्या खटल्यांत वकील अजूनही या निकालाचा दाखला देतात.

जुलै १९६६ मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषद स्थापन झाली आणि पहिल्या अध्यक्षपदाची धुरा मुधोळकरांवर आली. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य जपायचे आणि त्यांच्या वर्तनावरही लक्ष ठेवायचे, असे हे दुहेरी काम होते. १९६८ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. १६ नोव्हेंबर हा परिषदेचे कामकाज सुरू झाल्याचा दिवस देशभर राष्ट्रीय पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. आणीबाणीत ही परिषदच बरखास्त झाली. ती पुन्हा उभी राहायला १९७९ साल उजाडले.